परदेशातनं दत्तक बाळ न्यायला येताय, तर कोल्हापूर शेवटी ठेवा

माझा धाकटा भाऊ आणि भावजय अमेरिकेत असतात, दोघंही आता तिथले नागरिक झालेत, आणि त्यांनी ओडिशातल्या एका संस्थेतनं साडेतीन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. तिला न्यायला आले तेव्हा इकडनं सोबत मी गेले होते, जवळजवळ महिनाभर. त्यानंतर इचलकरंजीतनं एक आणि गडहिंग्लजकडनं एक अशा दोन घरांतनं मला फोन आले, दोन्हीकडची पोरं बाहेर, आणि प्रश्न तेच, काय काय लागतं, किती दिवस लागतात, आम्ही आजीआजोबांनी पण जायचं का, बारसं कधी घालायचं. दोघांना तासतासभर सांगितलं आणि तरी निम्मं राहिलंच, म्हणून आता एकदाच लिहून काढते. घरात तिला चिऊ म्हणतो, इथं पण चिऊच म्हणते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुमचं गाव कोल्हापूर असलं तरी हे काम कोल्हापुरातनं सुरू होत नाही, तुम्ही जिथं राहता तिथनं होतं. भारतातली दत्तकाची सगळी कामं कारा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण बघतं आणि नोंदणी त्यांच्या केअरिंग्ज पोर्टलवरच होते. परदेशात राहणाऱ्यांनी ती नोंदणी तिथल्या मान्यताप्राप्त दत्तक एजन्सीमार्फत करायची, नाहीतर तिथल्या सरकारच्या दत्तक विभागामार्फत, आणि जिथं यातलं काहीच नाही तिथं भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपल्या वकिलातीत जायचं. एजन्सीची सोशल वर्कर तुमच्या घरी येऊन होम स्टडी करते, म्हणजे पगार, तब्येत, नवराबायकोचं कसं आहे, घरात मूल कुठं झोपणार, सगळं विचारते आणि तो रिपोर्ट पोर्टलवर चढतो. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली पाहिजेत, मुलात आणि आईबाबांत किमान २५ वर्षांचं अंतर पाहिजे, आणि दोघांच्या वयाची बेरीज बघतात. बेरजेची मर्यादा दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. आमच्या भावाची आणि भावजयीची मिळून नोंदणीच्या दिवशी ८४ भरत होती.

इथं पासपोर्ट कुठल्या देशाचा हे फार महत्त्वाचं आहे आणि हे लोकांना लई उशिरा कळतं. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही एनआरआय, आणि मूल मिळायच्या प्राधान्यात इथं राहणाऱ्यांच्या बरोबरीनं धरतात. ओसीआय कार्डवाले, म्हणजे मूळचे भारतीय पण आता परदेशी नागरिक झालेले, त्यांच्या मागच्या रांगेत, त्यामुळं त्यांना बहुतेक वेळा थोडं मोठं मूल, भावंडं किंवा काही वैद्यकीय गरज असलेलं मूल सुचवलं जातं. मग वाटेल की भारतीय पासपोर्टच बरा, पण अमेरिकेत गाठ उलटी बसते, भारतासारख्या हेग करारातल्या, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, देशातनं मूल न्यायचं तर तिकडचा जो आय-८००ए अर्ज असतो तो अमेरिकन नागरिकालाच भरता येतो. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, किंवा नुसत्या ग्रीन कार्डवर असाल तर इथनं मूल मिळालं तरी ते तिकडं नेताना अडकू शकतं, म्हणून त्यांनी एक पैसा भरायच्या आधी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं. मी हे जोर देऊन सांगते कारण मूल एकदा आईबाबा म्हणायला लागल्यावर मग आईनं त्याला घेऊन इथं राहायचं आणि बाबानं तिकडं, असली वेळ कुणावर येऊ नये.

आता आपल्याकडचा नेहमीचा सल्ला. "कशाला एवढ्या भानगडी, आमच्या ओळखीच्या दवाखान्यात एक पोरगी बाळंत होणार आहे, लग्नाची नाही, तिचं बाळ घ्या." आमच्या घरी हे दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, चांगल्या मनानंच सांगितलं, पण हा सरळ गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ठरलेली पद्धत सोडून असं मूल घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पैसे देऊनघेऊन केलं तर पाच वर्षांपर्यंत. आणि त्या पोरीचं काय, तिनं दबावाखाली सही केली की मनानं, हे विचारणारं तिथं कुणी नसतं. कायद्यानं जाताना मूल सोपवणाऱ्या आईला बालकल्याण समितीसमोर बोलता येतं आणि नंतर विचार बदलायला दोन महिने मिळतात. मला तरी हा सगळ्या कायद्यातला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो.

दुसरा सल्ला दत्तकपत्राचा. पुतण्याभाच्यातलं मूल घ्यायचं, रजिस्ट्रार ऑफिसात दत्तकपत्र नोंदवायचं आणि विमानात बसायचं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे आणि त्याखाली दत्तक होतं हे खरं, पण नुसत्या त्या कागदावर मूल देशाबाहेर नेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचं ना हरकत पत्र लागतंच. नात्यातल्या मुलाला बाल न्याय कायद्यातनं पण वाट आहे. आणि इथं क्रम चुकवू नका, घरी आधी होमहवन करून दत्तकपत्र करून टाकलं आणि मग तिकडच्या व्हिसाचं बघायला लागलं तर हेग करारातल्या देशांचे व्हिसावाले नेमकं तेच विचारतात, आमची मंजुरी यायच्या आधी दत्तक कसं काय झालं.

नोंदणी झाली की थांबायचं. किती, ते मी सांगणार नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं आणि आमचा आकडा सांगितला की तुम्ही तोच धरून बसाल.

मग एक दिवस पोर्टलवर मूल दिसतं. एक फोटो, एक चाइल्ड स्टडी रिपोर्ट, एक मेडिकल रिपोर्ट. आणि वेळ सुरू होते, आधी मूल राखून ठेवायला मोजके तास, मग नीट विचार करून स्वीकारायला काही दिवस. हे दिवस रडण्यात आणि फोन करण्यात जातात म्हणून डॉक्टर आधीच ठरवून ठेवा, रिपोर्ट वाचून देईल असा बालरोगतज्ज्ञ. चिऊचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता, ओठाचं ऑपरेशन झालेलं होतं, टाळूचं पण झालेलं. भावानं तिकडच्या डॉक्टरांना दाखवलं आणि मी इथं राजारामपुरीत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. जन्मापासूनचं वजन महिन्यामहिन्याला किती होतं तो तक्ता आहे का, आणि कानाची तपासणी झालीय का, कारण टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानात पडद्यामागं पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, मग लोक म्हणतात मूल मंद आहे. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नसतं हे. संस्थेला विचारलं, त्यांनी तपासणी करून घेतली, एका कानाला थोडं कमी येत होतं. म्हणजे रिपोर्टमध्ये "बोलणं उशिरा" असं जे लिहिलं होतं त्याचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. तुम्ही पण प्रश्न विचारायला लाजू नका, व्हिडिओ मागा, डोक्याचा घेर, एचआयव्ही आणि कावीळ बीची तपासणी, ऑपरेशनचे कागद, सगळं मागा. जे झेपणार नाही त्याला नाही म्हणायचा हक्क पण आहे तुम्हाला, ते आत्ता म्हणणं बरं.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानंच बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ओठावरनं बोलणं सुरू होतं. आमच्याकडं एकीनं लगेच विचारलं, तिच्या आईनं ग्रहण पाळलं नसेल का. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही, ओठ पोटात सहाव्यासातव्या आठवड्यात जुळतो, तो कधी कधी जुळत नाही, एवढंच. मी हे त्या बाईंना नीट बसवून सांगितलं. नंतर त्यांनीच चिऊला झबलं शिवून पाठवलं.

स्वीकारल्यावर कागदांचा खरा प्रवास. दोन्ही देशांच्या मंजुऱ्या, मग काराचं ना हरकत पत्र, मग संस्था जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करते. पूर्वी हे कोर्टात चालायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, त्यामुळं जुन्या ओळखीतलं कुणी "कोर्टाची तारीख कधी" विचारत असेल तर त्यांची माहिती जुनी आहे. अर्ज संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथंच होतो, तुमच्या ओळखीचे कोल्हापुरातले कितीही मोठे साहेब असू दे, त्यांचा काही उपयोग नाही आणि करूही नका. आदेशानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं हेग करारानुसार दत्तक झाल्याचं प्रमाणपत्र. मूल परत जाताना भारतीय पासपोर्टवरच जातं. आणि न्यायला आईबाबांनी स्वतः यावं लागतं, मावशीनं किंवा आत्यानं आणून सोडलं असं चालत नाही.

आता नावाचा घोळ, हा नीट वाचा कारण हा खास आपल्या मराठी लोकांचा आहे. आपण नाव, वडलांचं नाव, आडनाव असं तीन भागात लिहितो. भावाच्या अमेरिकन पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात त्याचं आणि आमच्या बाबांचं नाव एकत्र आहे. भावजयीच्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव नाहीच, तिच्या माहेरचं आडनाव आहे. होम स्टडीत एक, पोर्टलवर थोडं वेगळं, आणि जन्मदाखल्यावर कुणीतरी चांगलं म्हणून आपल्या पद्धतीनं लिहून टाकलं, आईचं नाव, पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव. म्हणजे कागदावर ती भावजय नव्हतीच. आम्ही ते तिथं पोचल्यावर बघितलं, पासपोर्टचा अर्ज तेवढा व्हायचा होता म्हणून वाचलो, तरी दाखला दुरुस्त होऊन मिळायला सहा दिवस गेले. नोंदणीच्या पहिल्या दिवशी एका कागदावर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तश्शी, स्पेलिंगसकट लिहा आणि मुलीचं पूर्ण नाव काय लावायचं ते पण, आणि तोच कागद एजन्सीला, संस्थेला, सगळ्यांना द्या. आदेशाचा मसुदा, दाखला, काहीही व्हायच्या आधी स्कॅन मागून अक्षर अन् अक्षर बघा. घरातल्या दोघांनी वेगवेगळं बघायचं.

तिकीट परतीचं बदलता येईल असंच काढा, थोडं महाग पडलं तरी. भावानं तीन आठवड्यांची रजा काढली होती, पुरली नाही. ओडिशात १७ दिवस, दिल्लीत सात, कोल्हापुरात चार असं आमचं झालं.

पैशाचं एवढंच की फी नियमात ठरलेली आहे, ती भरायची, पावती घ्यायची, आणि देणगी कुणी मागितली तर द्यायची नाही. बाळ घरी गेल्यावर पुढं तुम्हाला संस्थेसाठी काही करायचं असेल तर तो वेगळा विषय.

सामान. कागदांचे तीन संच, एक भावाकडं, एक भावजयीकडं, एक माझ्याकडं, आणि सगळं फोनमध्ये पण. दोघांचे पासपोर्ट फोटो भरपूर. मुलीचे कपडे दोन मापांत घ्या, संस्थेतली मुलं वयापेक्षा बारीक असतात, साडेतीन वर्षांच्या चिऊला दोन वर्षांचा फ्रॉक बसला. चप्पल मात्र तिथं जाऊन पायाला लावूनच घ्या. ओआरएस, तापाचं औषध वजनाप्रमाणं डोस लिहून घेऊन, खरूज आणि उवांचं औषध डॉक्टरांना विचारून, कारण एकत्र राहणाऱ्या मुलांत हे असतंच आणि त्यात लाजायचं काही नाही. खायला साधे चुरमुरे आणि राजगिऱ्याचे लाडू नेले होते, भडंग नेऊ नका, आपल्याला सवय आहे, त्या पोरांना तिखट सोसत नाही. आणि आईनं एक वाकळ शिवली होती, भावजयीच्या दोन जुन्या कॉटनच्या साड्या आणि आईच्या नऊवारीची. ती वाकळ भावजय आल्यापासून अंगावर घेऊन झोपायची म्हणजे तिला तिचा वास लागेल. पुढं सगळ्या प्रवासात चिऊ त्या वाकळेत गुंडाळूनच झोपली, विमानात पण.

जायच्या महिनाभर आधी संस्थेला विचारून एक छोटा अल्बम पाठवलेला. आई, बाबा, घर, तिचा पलंग, शेजारचं कुत्रं. प्रत्येक फोटोखाली ओडियात लिहून घेतलं, म्हणजे तिथल्या मावशी तिला वाचून दाखवतील. हे नक्की करा. आम्ही गेलो तेव्हा त्या अल्बमचे कोपरे दुमडलेले होते आणि बाबाच्या फोटोवर वरणाचा डाग होता.

कोण जायचं यावर आमच्या घरात भांडण झालं, खोटं कशाला सांगू. आईचं म्हणणं नात पहिल्यांदा आजीच्या ओटीत घालायची. एजन्सीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलेलं, आईबाबा आणि फार तर एक जण. मी गेले, आई राहिली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण ते बरोबरच होतं आणि का ते सांगते. संस्थेतल्या मुलाला दिवसाला तीन पाळ्यांत वेगवेगळ्या मावश्या बघतात, त्यामुळं ते कुणाच्याही कडेवर जातं, हसून जातं. आपल्याला वाटतं किती गोड, लगेच मिसळली. ती मिसळलेली नसते, तिला अजून आपलं माणूस कुठलं आणि परकं कुठलं हेच माहीत नसतं. ते तिला कळायचं असेल तर सुरवातीला भरवणं, अंघोळ, झोपवणं, पडल्यावर उचलणं, एवढं फक्त आईनं आणि बाबानं करायचं. तिसऱ्या माणसाचं काम पिशव्या उचलणं, फोन करणं, भात शिजवणं. चिऊ माझ्याकडं हात पसरून यायची आणि मी तिला उचलून न घेता "आई कुठाय" म्हणून भावजयीकडं वळवायची. नऊ दिवस मी तिला कडेवर घेतलं नाही. माझ्यासाठी महिन्यातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

आम्ही रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथनं विमानानं भुवनेश्वर, पुढं गाडी. पोचल्या दिवशीच मूल घेऊन निघायची घाई करू नका. तीन दिवस रोज संस्थेत जा, तिच्या जागी तिला बघा. मावशींना विचारायच्या गोष्टी मी वहीत लिहून नेल्या होत्या. कधी जेवते, स्वतःच्या हातानं की भरवून, कुशीवर झोपते की पालथी, दिवा लागतो का, कशाला घाबरते, रडली की काय केलं की थांबते, जवळची मैत्रीण कोण, कुठलं गाणं म्हणता. मावशींचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, ते पुढं दिल्लीत रात्री तीन वाजता कामाला आलं. जेवणाचं पण विचारा. चिऊला पखाळ आवडायचा, म्हणजे पाण्यात भिजवून थोडा आंबवलेला भात, आणि डाळमा, म्हणजे भाज्या घातलेलं वरण. पहिले दोन आठवडे तेच द्या, नवीन आई, नवीन भाषा, नवीन खोली एवढं एकदम बदलतंय त्यात ताट तरी तेच असू दे.

भाषेचे वीसेक शब्द शिकून जा. आम्ही उत्साहात मराठीतच बोलत राहिलो. ती पहिल्या दिवशी सारखी "भोक, भोक" म्हणत होती आणि भाऊ तिच्या फ्रॉकला भोक कुठं पडलंय ते शोधत होता, मावशी आल्या आणि म्हणाल्या तिला भूक लागलीय. ओडियात भोक म्हणजे भूक. अर्धा तास पोर उपाशी आणि तीन मोठी माणसं फ्रॉक बघतायत, मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. पाणी ते पाणीच, भात ते भातच, झोप म्हणजे निद, ये म्हणजे आस. संस्था कुठल्या राज्यात आहे ते कळल्या दिवशी असे शब्द लिहायला घ्या.

निघताना ती रडली नाही. गाडीत बसल्यावर वाटी घट्ट धरून बसली, स्टीलची छोटी वाटी, संस्थेतली, ती तिच्या हातातनं सुटेना म्हणून ताईंनी राहू दे म्हणून सांगितलं. रडली ती रात्री, आवाज न करता, नुसते डोळे वाहत होते. तयारी ठेवा याची. तुमच्यासाठी तो आनंदाचा दिवस आहे आणि तिच्यासाठी घर सुटलेला दिवस. त्या रात्री भावजयीनं "रडू नको" म्हटलं नाही, वाकळेत घेऊन नुसती बसली, मला तिचं फार कौतुक वाटलं. मुलीचे अंगावरचे जुने कपडे मागून घ्या आणि धुऊ नका लगेच. मावशींबरोबर एक फोटो काढून घ्या, ती मोठी झाल्यावर विचारेल. पुढचे काही दिवस ती उशीखाली बिस्किटं लपवून ठेवायची, ओरडायचं नाही, आम्ही एक डबा तिच्या हाताला येईल असा कायम भरलेला ठेवला, दिल्ली सोडेपर्यंत लपवणं थांबलं. आणि गाडीत उलट्या होणार हे धरून चला, बऱ्याच मुलांनी कधी लांबचा गाडीचा प्रवास केलेलाच नसतो, पिशव्या आणि एक जादा फ्रॉक हाताशी.

दिल्लीत व्हिसाचं काम. इतर देशांचं वेगळं असेल, अमेरिकेचं म्हणजे त्यांनी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडंच तपासणी, मग मुलाखत, मग आयएच-३ व्हिसा. मुलगी दोन वर्षांच्या वरची असेल तर टीबीची रक्ततपासणी होते. लशी राहिलेल्या असतील तर दहा वर्षांखालच्या दत्तक मुलांना लशी तिकडं जाऊन देऊ असं लिहून देता येतं, एका दिवसात पाच सुया टोचून घ्यायची गरज नाही. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली खोली बघा. बाकी दिल्ली काही बघायला गेलो नाही, लाल किल्ला कुठं पळून जात नाही. सकाळी एक बाग, दुपारी झोप, संध्याकाळी तीच बाग, तोच झोका. रोज तेच केल्यावर सहाव्या दिवशी ती स्वतःहून चप्पल घालून दारात उभी राहिली आणि "बाबा, आस" म्हणाली.

आणि मग कोल्हापूर. बरेच जण उलटं करतात, आधी गावी, सगळ्यांना भेटवायचं, सत्यनारायण, मग दिल्ली. मी म्हणते कोल्हापूर शेवटी, तोपर्यंत मूल दोनतीन आठवडे आईबाबांच्या अंगावर राहिलेलं असतं. आणि चार दिवसांपेक्षा जास्त नको. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगायचं काम आत्याचं, आईबाबांचं नाही, कारण वाईटपणा आला तर आपण इथंच आहोत, निस्तरता येतो. मी सगळ्यांना एकच सांगितलं, एका दिवसात दोन घरं, अर्धा तास, उचलून घ्यायचं नाही, पापा घ्यायचा नाही, हातात पैसे द्यायचे असतील तर भावजयीकडं द्या. दोन जण रुसले. बारसं आम्ही केलं नाही, तिला तिचं नाव आहे आणि ते भावानं ठेवलंय तसंच, नुसतं औक्षण केलं. अंबाबाईला शुक्रवारी नेऊ नका, मधल्या वारी अगदी सकाळी जाऊन मुखदर्शन घेऊन आलो, दहा मिनिटांत बाहेर. रंकाळ्यावर संध्याकाळी गर्दी सुरू व्हायच्या आधी. न्यू पॅलेसची हरणं तिला अंबाबाईपेक्षा जास्त आवडली.

प्रश्न येणारच. खरे आईबाप कोण, जात कुठली, का टाकलं असेल तिला. उत्तर आधी ठरवून ठेवा आणि सगळ्यांनी तेच द्या. आमचं ठरलं होतं, "आईबाबा हेच, बाकीची गोष्ट तिची आहे, मोठी झाल्यावर तीच सांगेल." हे तिच्यासमोर विचारू द्यायचं नाही, तिला भाषा कळत नसली तरी आवाज कळतो. एक आजोबा मात्र ऐकेनात, दुसऱ्याचं रक्त म्हणाले. माझ्या आईनं त्यांना विचारलं, तुमच्या घरात फोटो कुणाचा लावलाय. शाहू महाराजांचा. ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १७ मार्च १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतले तेव्हा नऊ वर्षांचे होते. अख्खं कोल्हापूर ज्यांच्या नावानं चालतं ते दत्तक होते म्हणाली, चहा घ्या. घेतला त्यांनी.

आणि आईचं सांगते, कारण दोन्ही फोन आजीआजोबांचेच होते आणि त्यांना हेच विचारायचं होतं, आम्ही काय करायचं मग, नुसतं बघत बसायचं का. आई दारात ओवाळून झाल्यावर आत गेली आणि सोप्यात खाली बसून तांदूळ निवडायला लागली, चिऊकडं बघितलं पण नाही. मीच सांगितलेलं तसं, पण मला वाटलं नव्हतं तिला जमेल. चिऊ भावजयीच्या पदरामागनं पंधरावीस मिनिटं बघत होती. मग आली, आईसमोर उकिडवी बसली, आणि तिची ती वाटी सुपात बुडवून तांदूळ भरून घेतले. आईनं एक खडा काढून बाजूला ठेवला. चिऊनं पण एक काढला, तो तांदूळच होता, आईनं तो खड्यांच्यातच ठेवला. दोन दिवस दोघी तेच करत होत्या. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच मांडीवर येऊन बसली आणि दुपारी आईनं पातळ दहीभात कालवला, तो मात्र भावजयीनंच भरवला.

विमानात उतरताना कान दुखतात, टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलांना जास्त, तेव्हा चोखायला किंवा प्यायला काहीतरी तयार ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवून घ्या. तिकडं पोचल्यावर दोन वर्षं अहवाल द्यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, सोशल वर्कर घरी येते, फोटोसकट लिहून काराला जातं. ते वेळेवर द्या, उशीर करू नका, कारण संस्थेतल्या मावशींना पण तो फोटो दाखवतात म्हणे, आणि त्या वाट बघत असतात.